फाटकावर जाऊन सांगा

सोनं साठवायचं तर ठरवून साठवावं लागतं. किश्श्यांचं तसं नाही. ते आपोआप साठतात आणि मग पाहुण्यांसमोर कोणता काढावा हेच कळत नाही. आमच्या घरी तर इतके साठलेत की वर्ध्यातले ओळखीचे लोक दारात चपला काढता काढताच विचारतात, "मंग, सध्या कोण हरून राह्यलं?"

कारण आमच्याकडे खेळ चालतात. टीव्ही आहे, पण तो बातम्यांपुरता. रविवारची जेवणं झाली की सतरंजी पडते आणि कॅरम, लुडो, बुद्धिबळ, अष्टचंगा, जे हाती लागेल ते निघतं. मी मूळची नाशिकची. नवरा प्रशांत, मुलगी मुक्ता आणि सासू-सासरे असं आमचं घर. सासऱ्यांना मी बाबा म्हणते, मुक्ता आबा म्हणते. ते शाळेत गणित शिकवायचे, त्यामुळे गल्लीसाठी ते 'मास्तर'. सासूबाईंना मी आई म्हणते. त्या कोणाच्याच मास्तर नव्हत्या, पण घरात सगळे त्यांनाच घाबरतात.

या घराचे दोन नियम आहेत. पहिला असा की जो हरेल त्यानं अंगणाच्या फाटकावर जायचं आणि गल्लीला ऐकू जाईल असं ओरडायचं, "मी हरलो!" हा नियम बाबांच्या वडिलांचा. बाबा आणि त्यांचे धाकटे भाऊ दादाराव काका हिंगणीला वाढले. दोघं लहानपणी प्रत्येक डावानंतर एकमेकांच्या उरावर बसायचे. शेवटी वैतागून वडील म्हणाले, "हरला ना? मंग बाहीर जाऊन सगळ्याइले सांग, अन् जेवाले ये." एकदा जगाला सांगून झालं की रुसायला काही उरतच नाही. तेव्हापासून मारामाऱ्या थांबल्या.

दुसरा नियम त्याहून कडक. दयामाया नाही. समोर लहान मूल असो, पाहुणा असो नाहीतर म्हातारं माणूस असो, मुद्दाम हरायचं नाही.

*

माझं लग्न झालं आणि पहिल्याच रविवारी कॅरम मांडला गेला. हातात हिरवा चुडा, अंगावर नवी साडी. मी आणि प्रशांत एकीकडे, आई-बाबा दुसरीकडे. मला वाटलं, नव्या सुनेला जरा सांभाळून घेतील. आईंनी राणी घेतली, कव्हर घेतलं आणि उरलेल्या गोट्या अशा टिपल्या की मला स्ट्रायकरला हात लावायची वेळच आली नाही.

बाबा शांतपणे म्हणाले, "सूनबाई, फाटक तिकडं आहे."

मी हसले. कोणीच हसलं नाही. मी मदतीसाठी प्रशांतकडे पाहिलं, तर तो चपला घालत होता! जोडीनं हरलो होतो, जोडीनंच जायचं होतं. सत्यनारायणाला बसावं तसे आम्ही दोघं शेजारी शेजारी फाटकावर उभे राहिलो आणि ओरडलो.

समोरच्या घरात सुधाकरभाऊ राहतात. एसटीतून कंडक्टर म्हणून रिटायर झालेले. ते ओट्यावर पेपर वाचत होते. पेपर खाली करून म्हणाले, "वा सूनबाई! आवाज खणखणीत आहे. एसटीत लागून जा!"

संध्याकाळी नाशिकहून माझ्या आईचा फोन आला. "सासर कसं आहे गं?" मी खरं तेच सांगितलं, "चांगलं आहे, फक्त हरलं की घराबाहेर उभं करतात." तिनं रेल्वेचं तिकीट काढायला घेतलं होतं. मोठ्या मुश्किलीनं थांबवलं तिला.

*

आई लुडोत हरत नाहीत. याचं कारण शोधायला बाबांना कितीतरी वर्षं लागली. आणि हा माणूस गणिताचा मास्तर!

आई घरं फार झपाझप मोजतात. बोट पटापट पुढे जातं आणि पाच पडले असले तरी गोटी सहाव्या घरात जाऊन बसते. एका रविवारी बाबांनी ठरवून त्यांचं बोट धरलं.

"थांब. दुसऱ्या घरातून एकदम चौथ्यात? तिसरं घर कुठं गेलं?"

आई जराही डगमगल्या नाहीत. "तीन तिगाडा, काम बिगाडा! म्हणून म्या थे घर सोडूनच देल्लं."

"अवो, असं घर सोडता येते का?"

"काऊन नाई येत? तुमाले अपशकुन चालते, मले नाई चालत."

बाबा प्रशांतकडे वळून म्हणाले, "पूरी जिंदगी पोट्ट्याइले गणित शिकोलं म्या. घरात पहाले पायजे होतं." त्या डावातही बाबाच हरले आणि फाटकावर गेले. मुक्ता तेव्हा अंगणवाडीत होती. ती आजीच्या मांडीवर बसून आकडे शिकत होती. पुढे तिच्या बाईंनी मला बोलावून विचारलं की तुमची मुलगी तीन म्हणायला का घाबरते!

*

दादाराव काका अजून हिंगणीलाच असतात. वांगी, कोबी, मिरच्या करतात. माल घेऊन वर्ध्याला आले की जेवायला आमच्याकडे. शिक्षणावरून त्यांना कोणी काही म्हटलेलं चालत नाही, म्हणून बुद्धिबळ येत नाही असंही ते कधी म्हणाले नाहीत. बाबांनी एकदा त्यांना बसवलं. कोण कसं चालतं ते सगळं समजावून दिलं. काकांनी एकच प्रश्न विचारला.

"म्हणजे राजा मांगं बसून राह्यते, अन् हे प्यादे पयले मरतेत?"

"हो. असाच खेळ आहे."

"हे बरोबर नाई, दादा. मालकानं पयले वावरात जाव लागते. मंग मजूर येतेत."

आणि खरोखर, राजासमोरचं प्यादं सरकवून त्यांनी पहिला राजा बाहेर काढला! पुढच्या चालीला अजून पुढे. त्याच्या पुढच्या चालीला अजून पुढे. राजा पटाच्या मधोमध एकटा उभा आणि मागे सगळी फौज घरी आरामात. बाबांना हसू इतकं आवरेना की घोडा उचलला तो हातातून पडला. तरी दयामाया नाही. शह दिला, मात केली.

काका उठले, धोतराचा सोगा सावरला, फाटकावर गेले आणि छाती काढून ओरडले, "म्या हरलो! राजा मेला, पण काम करता करता मेला!"

गल्लीत टाळ्या पडल्या. बाबा पुढे कितीतरी दिवस म्हणत होते, जिंकूनसुद्धा मला काही जिंकल्यासारखं वाटलं नाही.

*

माझी नणंद अर्चना. तिला पाहायला मुलगा आला तो आमच्या घरी अजून 'कॅरमवाला पहिला' म्हणून ओळखला जातो. नोकरी चांगली, दिसायला चांगला, पोह्यांचंही कौतुक केलं. बाबांनी सहज म्हणून कॅरम मांडला. मुलाला वाटलं, होणाऱ्या सासऱ्यांना जिंकू द्यावं. पॉकेटच्या तोंडाशी असलेली गोटी त्यानं अशी चुकवली की आंधळ्यालाही कळावं.

पाहुणे गेल्यावर बाबा म्हणाले, "नाई. जो खोटा हरते, थो उद्या खोटा जिंकन."

आई चिडल्या. "गोटी पाहून सोयरीक मोडता का?"

पण अर्चनाच म्हणाली, "आई, मलेबी तसंच वाटलं."

दुसरा मुलगा आला. त्याला आम्ही कोणी काही सांगितलं नव्हतं. त्यानं पहिल्याच बोर्डात बाबांना धुऊन काढलं! मग त्याच्या लक्षात आलं आपण काय केलं ते, आणि त्याच्या कपाळावर घाम आला. त्याची आई डोळ्यांनी त्याला दटावत होती. बाबा उठले, सगळ्या पाहुण्यांच्या मधून वाट काढत फाटकावर गेले आणि गणिताच्या तासाच्या आवाजात गरजले, "मी हरलो!"

मुलाची आई घाबरून आईंच्या कानाशी लागली, "यांना काही त्रास आहे का हो?"

आई म्हणाल्या, "नाई जी. पोरगा पसंत आहे!"

*

आता अर्चना आणि जावई पुण्यात असतात, म्हणून मुक्तानं सगळ्यांना मोबाइलवरच्या लुडोत आणलं. आईंना तो मान्य नव्हता. "फासा टाकते कोन? मले त्याचा हात दाखव." शेवटी कशाबशा तयार झाल्या. सहा हवे होते, म्हणून मोबाइलच दोन्ही हातांत धरून खुळखुळवला आणि सोडला. तो सरळ वरणाच्या पातेल्यात! मोबाइल वाचला, पण वरण फेकावं लागलं.

त्या डावात जावई हरले. ते सातव्या मजल्यावर राहतात. त्यांनी विचारलं, "आता फाटक कुठून आणू?" आई म्हणाल्या, "गॅलरी हाये ना?" जावयांनी गॅलरीत जाऊन इमानदारीत आरोळी ठोकली. दोन मिनिटांत खालून वॉचमन धापा टाकत वर आला, कारण लिफ्ट बंद होती. बिचाऱ्याला पाणी दिलं, सगळं समजावलं. तो जाता जाता म्हणाला, "साहेब, पुढच्या वेळी आधी फोन करून हरा."

*

हे सगळे हसण्याचे किस्से. पुढचा तसा नाही, पण तो सांगितल्याशिवाय शेवटचा सांगता येत नाही.

गेल्या वर्षी बाबांना अर्धांगाचा झटका आला. वेळेवर दवाखान्यात नेलं, जीव वाचला. पायात बळ आलं, काठी घेऊन चालू लागले. हातही बराच सुधारला. तोंड मात्र एका बाजूला किंचित ओढलेलं राहिलं आणि जीभ जड झाली. शब्द निघायचे, पण एकमेकांवर सांडल्यासारखे. डॉक्टर म्हणाले, "बोलत राहा मास्तर. जितकं बोलाल तितकं सुधारेल. गप्प बसलात तर आहे तेही जाईल."

आणि बाबा गप्प बसले. ज्यांचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत जायचा, त्यांना आपलाच आवाज ऐकवेना. आमच्याशी हो-नाही इतकंच. बाहेरच्या माणसाशी एक अक्षर नाही. ओट्यावर बसणं बंद झालं. सुधाकरभाऊ भेटायला आले की बाबा डोळे मिटून घेत. सुधाकरभाऊ थोडा वेळ बसत, "झोपू द्या मास्तरले," म्हणत आणि निघून जात. ते झोपलेले नाहीत हे त्यांना कळत होतं, आम्हालाही कळत होतं. दादाराव काका यायचे ते भावाजवळ बसून एकटेच वांग्यांबद्दल बोलत राहायचे. कोणती अळी पडली, कोणतं औषध मारलं. एकदा मी त्यांना फाटकापाशी उपरण्यानं डोळे पुसताना पाहिलं. मला म्हणाले, "इतका तर म्या जिंदगीत नाई बोललो व सूनबाई. दादा चूप म्हणून बोलाव लागते."

मुक्ता आता सातवीत आहे. तिनं एक दिवस कॅरम काढला. बाबा नको नको म्हणत असताना त्यांना बसवलं. डाव रंगला, बाबांचा हात थरथरत का होईना चालत होता. मग राणी मुक्ताच्या अगदी समोर आली. सरळ पॉकेटमध्ये. आणि मुक्तानं ती चुकवली.

बाबांनी तिच्याकडे पाहिलं. स्ट्रायकर खाली ठेवला. जड जिभेनं एकच शब्द बोलले, "खोटं."

आणि उठून खोलीत गेले. मुक्ता माझ्या कुशीत शिरून रडली. "मला वाटलं, आबा जिंकले तर बोलतील." तिचं काय चुकलं होतं? माझ्याही मनात तेच होतं. मीसुद्धा ती राणी चुकवलीच असती. कॅरम कपाटामागे गेला. त्यानंतर रविवारी आमच्याकडे सतरंजी पडायची थांबली. घर इतकं शांत झालं की मला नकोसं वाटायला लागलं. उद्या बाबांचं बोलणं पुरतंच गेलं तर काय, ही धास्ती सगळ्यांना होती. फक्त मोठ्यानं कोणी बोलत नव्हतं.

*

आणि आता हा शेवटचा.

मे महिना. वर्ध्याचा उन्हाळा म्हणजे काय ते इथं राहणाऱ्यालाच माहीत. दुपारभर कूलरसमोर पडून राहायचं आणि उन्हं कलली की अंगणात पाणी मारायचं. त्या रविवारी चहा झाल्यावर आईंनी खडू घेतला आणि बाबांच्या खुर्चीसमोरच्या फरशीवर अष्टचंगाचा पट काढला. पाच आडवी घरं, पाच उभी. फाशांऐवजी चार चिंचोके आणले. स्वतः फतकल मारून बसल्या.

"मले लय कंटाळा येऊन राह्यला. खेळता का?"

बाबांनी मान हलवली. नाही.

"भेव लागते काय?"

बाबांनी आईंकडे बघितलं. मग हातानं चिंचोके मागितले.

त्या डावात आईंनी जे केलं ते पाहून मला घाम फुटला. बाबांची गोटी घराबाहेर पडली की मारली. पुन्हा निघाली की पुन्हा मारली. बाबांची एक गोटी मधल्या घरापासून एका पावलावर आली होती. त्यांचे डोळे चमकले. आईंनी चिंचोके उधळले, हवे तेवढेच पडले, आणि तीही मारली! प्रशांत हळूच म्हणाला, "आई, जराशी..." आईंनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो पाणी प्यायला आत गेला. मुक्तानं माझा हात घट्ट धरला होता.

आईंची शेवटची गोटी घरात गेली. बाबा हरले. साफ हरले.

आईंनी चिंचोके गोळा केले आणि म्हणाल्या, "जा मंग."

कोणालाच आधी कळेना. मग कळलं. मी पुढे झाले. "आई, राहू द्या ना. आज नको."

"काऊन राहू द्या? हरले ना थे?"

"हो, पण..."

"तोंड वाकडं झालं असन त्याइचं. नियम नाई वाकडा झाला."

मला क्षणभर त्यांचा संताप आला, खोटं कशाला सांगू! मग दिसलं, पदराखाली त्यांनी ते चिंचोके मुठीत घट्ट आवळून धरले होते.

बाबांनी काठी घेतली. प्रशांत धरायला गेला, त्याला हातानंच बाजूला केलं. ओटा उतरले, अंगण ओलांडलं. आम्ही सगळे दारात. समोर सुधाकरभाऊ पाइपानं आपल्या अंगणात पाणी मारत होते. शेजारच्या दोन बाया बोलता बोलता थांबल्या.

बाबांनी फाटक धरलं. ओठ हलले. शब्द निघाले, पण अर्धे तोंडातच विरले.

सुधाकरभाऊंनी वर पाहिलं. वाकून नळ बंद केला. पाण्याचा आवाज थांबला. मग कानाला हात लावून ते म्हणाले, "काय म्हनता मास्तर? ऐकू नाई आलं!"

बाबांच्या मानेच्या शिरा ताठ झाल्या. ते पुन्हा ओरडले. या वेळी मला दारात उभ्या उभ्या कळलं. मुक्तालाही कळलं.

"नाई आलं! जरा जोरानं!"

मी कपाळाला हात लावला. वाटलं, आता बाबा वळतील, खोलीत जातील आणि पुन्हा कधीच बाहेर येणार नाहीत. आई दाराची चौकट धरून उभ्या होत्या. हलल्या नाहीत.

बाबांनी काठी उचलून फाटकावर दाणकन आपटली.

"बहिरा झाला काय बे, सुधाकर! हरलो म्हणतो! मी हरलो! तुह्या वहिनीकडून हरलो!"

गल्लीच्या पार टोकापर्यंत गेला आवाज. एका बाजूला जरासा घसरत होता, पण शब्दन् शब्द कळत होता. सुधाकरभाऊंनी पाइप खाली ठेवला. दोन्ही हात लुंगीला पुसले, डोळे बाहीला पुसले आणि कंडक्टरच्या आवाजात म्हणाले,

"मंग त्यात नवं काय आहे, मास्तर?"